गंगाक्कांच्या हारातली मोकळी जागा

आमच्या पडवीत दर शुक्रवारी चार माणसं नाणी बघायला बसतात. इतक्या वर्षांत नाणी जमली एकतीस. किस्से किती जमले ते कुणी मोजलं नाही. नाण्याला निदान डबी मिळते. किस्सा उघड्यावर पडून असतो, आणि ज्याच्या हाती लागेल तो त्याला आपल्या सोयीनं घासूनपुसून सांगतो! म्हणून मी पाहिले-ऐकले तसे लिहून ठेवते आहे. तोंडानं सांगणं मला जमत नाही.

चौघं म्हणजे चिटगुप्प्याच्या शाळेत मास्तर असलेले माझे अप्पा, कापडाचे व्यापारी शिवाप्पा काका, कोर्टातून पेन्शनीत निघालेले मीरसाहेब आणि नारायण सराफ. आपल्या संस्थानात शुक्रवारी शाळा-कचेऱ्या बंद, म्हणून तो दिवस. माझं अक्षर बरं आहे, म्हणून लेबलं लिहायला मी कोपऱ्यात.

एकतीस नाण्यांतलं खरं बघण्यासारखं नाणं एकच, शिवाप्पा काकांचं. कुठल्याशा दरबाराच्या आठवणीसाठी मुंबईच्या टांकसाळीत पाडलेलं. चांदीची चकती आधी आरशासारखी पॉलिश करून मग तिच्यावर ठसा उठवलेला. बाजारात कधीच न गेलेलं. अशा नाण्याला इंग्रजीत प्रूफ म्हणतात, असं अप्पा सांगतात. बोट लागलं तरी त्याच्यावर डाग पडतो.

आणि शिवाप्पा काकांच्या बायकोकडे, गंगाक्कांकडे, चांदीच्या रुपयांचा हार आहे. डावीकडे पाच रुपये, उजवीकडे पाच. मधली जागा मोकळी. तिथं त्यांना हेच नाणं पाहिजे, डाक देऊन म्हणजे झाळून, कडी लावून!

"मी हाय तवर त्याला कडी लागत न्हाई," काका म्हणतात.

"बघू की," गंगाक्का म्हणतात.

*

नाणं पहिल्यांदा आमच्याकडे आलं तो शुक्रवार मला आठवतो. काकांनी निळ्या मखमलीची डबी उघडली. सगळे वाकले. कुणी काही म्हणायच्या आत सराफांनी सवयीनं नाणं उचललं आणि उंबऱ्याच्या दगडावर वाजवायला हात खाली नेला.

काका एवढ्यानं ओरडले की शेजारची म्हैस उठून उभी राहिली.

"अहो, कामून वाजवायलाव? टांकसाळीतलं हाय ते!"

सराफ ओशाळले, पण हटले नाहीत. म्हणाले, "काय करू, वाजवल्याबिगर मी बायकोचं बोलणं बी खरं धरत न्हाई!"

*

हे नाणं सोलापुराहून आणताना नाक्यावर काय झालं, ते मीरसाहेबांनी सांगितलं. ते बरोबर होते.

आपल्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, कारकुनानं सामान तपासलं आणि डबी उघडली. "दागिना असेल तर महसूल लागेल. नाणं असेल तर नाही."

"नाणं हाय," काका झटकन म्हणाले.

कारकून शहाणा होता. "नाणं आहे तर चालत असेल. तो समोर चहावाला. दोन चहा घ्या आणि हे देऊन मोड आणा. मी इथंच बसलोय."

काकांनी चहावाल्याकडे पाहिलं. त्याचे हात तेलानं माखलेले होते. तो भजी तळत होता.

"मैं बोल्या, शिवाप्पा, चाय नक्को, चलो," मीरसाहेब सांगत होते. "लेकिन इनो उसके हाथांच देखते बैठे!"

मग काका खालच्या मानेनं म्हणाले, "दागिना लिवा."

*

ती पावती काकांनी कोटाच्या खिशात दडवली, आणि कोट धुवायला काढताना ती गंगाक्कांना मिळाली. पावती उर्दूत. शाळेत मी उर्दू शिकते, म्हणून गंगाक्का ती घेऊन माझ्याकडे आल्या.

"काय लिवलंय गं, शांते?"

मी वाचलं. चांदीचा एक दागिना. खाली सही आणि शिक्का.

गंगाक्कांनी पावतीची व्यवस्थित घडी घातली. शुक्रवारी त्या नेहमीसारख्या आईच्या मदतीला आमच्याकडे आल्या, चहाचे कप घेऊन पडवीत आल्या आणि सगळ्यांसमोर काकांना म्हणाल्या, "सरकार म्हणायलंय दागिना हाय. तुम्ही कोण न्हाई म्हणणारे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दौत शोधायला आत गेले. दौत माझ्या हातातच होती.

*

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला घरातली चांदीची नाणी दुधापाण्यानं धुऊन पूजतात. गंगाक्कांनी ताम्हण मांडलं. काका डबी छातीशी धरून उभे.

"दूध? ह्याच्यावर? अगं, काळं पडंल!"

"मग बिनआंघोळीची लक्ष्मी पुजायची व्हय वर्षाच्या सणाला?"

भांडण मिटेना, तेव्हा काका अप्पांना बोलवायला आले. अप्पांनी थोडा विचार करून निकाल दिला. पूजेत जे हजर नसतं त्याच्या जागी सुपारी मांडतात. तेव्हा नाण्याच्या नावानं सुपारी ठेवावी आणि तिला आंघोळ घालावी. नाणं लांबून बघेल!

काका खूश. सुपारीला दूध, पाणी, हळद, सगळं झालं. गंगाक्कांनी निमूट पूजा केली, नमस्कार केला आणि उठता उठता अप्पांना विचारलं, "मास्तर, मग हारात बी सुपारीच ओवू का?"

अप्पांनी प्रसाद तोंडात टाकला.

*

एकदा मी त्या नाण्याचं नवीन लेबल लिहीत होते. गंगाक्का बाजूला बसून वाती वळत होत्या. "वाचून दाव की," त्या म्हणाल्या.

मी वाचलं, "कधीही न वापरलेले."

"असला एक शालू माझ्या ट्रंकेत बी हाय," त्या वात वळत म्हणाल्या. "त्याला बघायला शुक्रवारचं कुणी येत न्हाई."

मी लेबल वाळायला ठेवून दिलं.

*

आता शेवटचा किस्सा. हा गंगाक्कांखेरीज फक्त सराफांना आणि मला माहीत आहे.

मंठाळला गंगाक्कांच्या भाचीचं लग्न ठरलं. सगळ्या जावा-नणंदा हार घालून येणार. त्याच आठवड्यात काका कापड घेऊन निर्ण्याला गेले आणि कपाटाची किल्ली खुंटीवरच्या कोटात विसरले.

दुपारी गंगाक्का आल्या. पदराखाली डबी होती. "चल गं शांते, सराफाकडं. एकटी कशी जाऊ?"

मला नाही म्हणता आलं नाही. मला तसंही कुणाला नाही म्हणता येत नाही.

सराफांनी डबी ओळखली आणि त्यांचा चेहरा उतरला. एकीकडे दोस्त, दुसरीकडे गिऱ्हाईक. "अक्का, शिवाप्पाला इचारलंव का?"

"सरकारला इचारलंय," म्हणत गंगाक्कांनी पावती पुढे ठेवली.

सराफांनी आणखी वाद घातला नाही. शेगडी फुंकली, फुंकणी पुसली, चांदीची कडी चिमट्यात धरली. "काढा मग," म्हणाले.

गंगाक्कांनी डबी उघडली. आजवर त्यांनी ते नाणं लांबूनच पाहिलं होतं, काकांच्या खांद्यावरून. त्यांनी ते दोन बोटांत उभं धरलं. दारातून ऊन येत होतं.

त्यात उमटलेल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे त्या बघतच राहिल्या. मग डाव्या हातानं कानामागची बट सारखी केली. मान थोडी वळवली. पुन्हा बघितलं. शेगडीतले निखारे लाल झाले होते.

"अक्का?" सराफ म्हणाले.

"नारायणराव, कडी लावून गळ्यात घातलं, तर ह्याचं तोंड कुणाकडं?"

"लोकांकडं."

गंगाक्कांनी नाणं मखमलीवर ठेवलं आणि डबी मिटली. "मग राहू द्या."

लग्नाला त्या तशाच गेल्या, मधली जागा मोकळी ठेवून. त्यानंतरच्या शुक्रवारी काका फार खुशीत होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "समजूत पटली बघा हिची! आता हाराचं नावच काढत न्हाई."

गंगाक्का चहाचे कप गोळा करत होत्या. "न्हाई काढत. कपाटाची किल्ली तेवढी माझ्याजवळ राहू द्या. रोज सकाळी लागंल."

काकांनी मोठ्या मनानं किल्ली काढून दिली. मग एकदम थांबले.

"सकाळी? रोज? कामून?"

गंगाक्का आत गेल्या होत्या. सराफ छताकडे बघत होते.