नावेच्या गाड्यावरचं कुंकू

आमच्या घोड नदीवर पूल झाला आणि माझे थोरले चुलते एका दिवसात बेकार झाले. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी पत्र्याची नाव चालवली होती. त्या नावेतून वीस माणसं, तीन शेळ्या आणि लग्नातलं लोखंडी कपाट आरशासकट एका खेपेत पलीकडं गेलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. शेळ्या दोनच होत्या असं चुलती म्हणते, पण तिला पहिल्यापासूनच कमी मोजायची खोड.

ही गोष्ट नव्वदीच्या शेवटाकडची. आमचं गाव इनामगावच्या वरच्या अंगाला. चुलत्यांना सगळे आबा म्हणायचे, मीही. त्यांची लेक दौंड तालुक्यात भीमेकाठी दिलेली. तिच्या गावाला अजून पूल नव्हता, म्हणून नाव तिकडं द्यायचं ठरलं. न्यायला आबांचे जावई, म्हणजे आमचे दाजी, ट्रॅक्टर घेऊन आले. नाव तयार, ट्रॅक्टर तयार. घोडं अडलं ते गाड्यापाशी.

गाडा म्हणजे दोन चाकांचा सांगाडा. उसाच्या मोडक्या ट्रॉलीचा आस आणि कुठल्याशा पाण्याच्या टँकरची पुढची दांडी, ही दोन वेगळ्या घराण्यांतली माणसं वेल्डिंग करून एकत्र नांदवलेली. दरसाल पुराच्या आधी नाव त्याच्यावर चढवायची आणि बैलांनी देवळापर्यंत ओढायची. एवढाच त्याचा जन्मभराचा प्रवास. आता त्याला ट्रॅक्टरमागं चाळीस किलोमीटर जायचं होतं आणि वाटेत पारगावच्या पुलाकडचा उतार होता. तिथं दांडी निसटली तर नाव गाड्यासकट भीमेत जाणार, आणि नावेत आबा बसलेले असणार.

ते कशाला, असं कुणी विचारील. तर आमच्याकडं नाव जमिनीवरून रिकामी नेत नाहीत. नावाडी आत बसतो, मांडीवर आपल्या नदीच्या पाण्याचा तांब्या घेऊन, आणि ते पाणी नव्या नदीत ओततो. घोडचं पाणी तसंही आपल्या पायानं भीमेला जाऊन मिळतंच. पण आबांच्या मते नाव ही पाहुणी, आणि पाहुणीनं रिकाम्या हातानं जाऊ नये. शिवाय एकदा नावेत बसलेला नावाडी नावेला पाणी लागेपर्यंत खाली उतरत नाही.

आणि गाडा चांगला आहे की नाही हे सांगायचं काम माझ्याकडं आलं होतं. त्याला कारण माझं तोंड.

मी तेव्हा एका कंपनीत कामाला होतो. तिथं मी लोखंडाचे पार्ट रंगाच्या खोलीत जाणाऱ्या हुकांना अडकवायचो, आणि रंगून आले की काढायचो. पण गावात पारावर मी सांगितलेलं निराळं होतं. मी नुसता हातोडीचा एक ठोका मारला की लोखंडात तडा कुठं आहे ते मला आवाजावरून कळतं. साहेब लोक मशिनवर विश्वास ठेवत नाहीत, आधी मला बोलावतात. एकदा परदेशी साहेबानं माझा कान हातानं चाचपून पाहिला होता. हे सगळं मी इतक्या वेळा सांगितलं होतं की मलाही अधूनमधून माझ्या कानाचा अभिमान वाटायचा.

तेव्हा दाजींनी गाड्याखाली वाकून बघून तोंड वाकडं केलं, तसे आबा म्हणाले, "घरात कंपनीतला माणूस असताना आपण कशाला डोकं चालवायचं? त्यानं व्हय म्हटलं की मी बसलो."

दुपारी सगळ्यांसमोर मी तपासणी केली. हातोडी घेऊन आसाला ठोका मारला. चाकांना मारला. दांडीला मारला. खरं सांगायचं तर तिन्ही ठिकाणी सारखाच आवाज आला, धब. कारण आबा दर दसऱ्याला गाडा धुऊन रंगवायचे, आणि गावात जो रंग उरेल तो द्यायचे. खाली शाळेचा पिवळा, वर देवळाचा भगवा, त्याच्यावर दवाखान्याचा निळा. थर भाकरीएवढा जाड होता. त्या गाड्यात लोखंड आहे हे फक्त ऐकीव होतं.

मी डोळे मिटून कान लावला. दहा-पंधरा माणसं श्वास रोखून उभी होती. अशा वेळी 'मला कळत नाही' एवढे तीन शब्द बोलायला जी छाती लागते ती माझ्याकडं नव्हती. मी म्हणालो, "दौंडच काय, दिल्लीला न्या."

बोलून तर बसलो. जेवताना भाकरी उतरेना. नानीनं, म्हणजे चुलतीनं, दोनदा विचारलं की तब्येत बरी हाय ना. मी बरी हाय म्हणालो आणि तिसरी भाकरी घेतली. एक खोटं निभवायला माणसाला काय काय गिळावं लागतं!

सकाळी नदीवर नारळ फुटला. नाव गाड्यावर चढवून दोरखंडांनी आवळली. आबा धुतलेलं धोतर नेसून आत जाऊन बसले, तांब्या मांडीवर. दाजी गाडा ट्रॅक्टरच्या हुकाला जोडायला लागले, आणि मी उगाच त्यांना मदत करायच्या निमित्तानं दांडीपाशी बसलो.

दांडी जिथं सांगाड्याला जोडलेली, तिथं आबा दर दसऱ्याला कुंकवाची पाच बोटं ओढायचे. ती दिसत होती. चार पुसट झालेली, एक मात्र ठळक, जरा लांब, खाली ओघळलेलं. वर्षानुवर्षं मी ती बघत आलो होतो, सगळं गाव बघत आलं होतं. कुणी तिथं नमस्कारही करायचं.

मी ते बघत राहिलो आणि मनात महिने मोजले. दसरा होऊन सहा महिने झाले होते. मध्ये अवकाळी पाऊस पडून गेला होता, थंडीत रोज दव पडत होतं. चैत्रापर्यंत एवढं ठळक कुंकू टिकेल कसं?

मी बोट ओलं करून सगळ्या खुणा घासल्या. पुसट चार बोटं निघाली. लांबलेलं बोट निघेना. त्याच्या खाली निळ्या रंगात केसाएवढी रेघ होती, आणि ती तांबूस पाणी ओकत होती. लोखंडाच्या आवाजातलं मला काही कळत नव्हतं, पण रंगातलं कळत होतं. कंपनीत सहा वर्षं मी तेच बघत होतो. नव्या रंगाला एकाच जागी पुन्हापुन्हा चीर पडून तिथून गंज गळत असेल, तर खालचं लोखंड हलतंय. देवाचं म्हणून ज्याला आम्ही हात जोडत होतो, तो गंज होता.

दाजींनी ट्रॅक्टर चालू केला.

मी हुकावर दोन्ही हात ठेवून उभा राहिलो. म्हणालो की थांबा, गाडा चांगला नाही. दाजी वरूनच म्हणाले, "मेव्हणं, काल दिल्लीला चालला व्हता ना?"

लोक हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी नावेच्या काठावरून माझ्याकडं बघितलं, आणि मी सांगून टाकलं.

"आबा, मी रंगखात्यात हाय. ठोकून मला काय बी कळत न्हाई. पण ह्यो रंग फाटलाय."

दाजींनी ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरले आणि म्हणाले की मग आबांनी उतरावं, बघू. आणि इथं खरी पंचाईत झाली. आबा उतरेनात. नावेत बसलेला नावाडी पाण्याशिवाय उतरत नाही. त्यांच्या बापानं मोडलं नव्हतं, ते मोडणार नव्हते. पडलो तर नावेसंगं पडीन, म्हणाले. दाजींनी समजावलं, मी हात जोडले. आबा तांब्या धरून बसलेले.

मग नानी पुढं आली. तिनं वर हात करून आबांच्या मांडीवरचा तांब्या काढून घेतला, आणि सगळं पाणी नावेच्या बुडाला लावून ओतलं. गाड्यावरून घळघळ करत मातीत गेलं.

"लागलं पाणी," नानी म्हणाली. "आता उतरा गुमान."

आबांनी थोडा विचार केला. मग धोतर सावरत उतरले.

नाव खाली घेतली. नानीच्याच उलथन्यानं मी दांडीवरचा रंग खरवडला. निळा गेला, भगवा गेला, पिवळा गेला, आणि खाली वेल्डिंग उघडं पडलं. तीन बाजूंनी फाटलेलं. चौथ्या बाजूला बोटभर शाबूत होतं. दाजींनी दांडीवर पाय देऊन एक झटका दिला आणि दांडी उसाच्या कांड्यासारखी हातात आली. दाजींनी ती नेऊन आबांच्या पुढ्यात ठेवली.

वेल्डिंगवाला शिरूरहून यायला दोन दिवस लागले. त्यानं नवी पट्टी मारली, वरून साखळीचा जादा फेरा दिला. मी आबांना सांगून ठेवलं की ह्या जागी रंग द्यायचा नाही, आणि कुंकू तर अजिबात नाही. आबा व्हय म्हणाले. निघायच्या दिवशी त्यांनी तांब्या नदीत बुडवून भरला आणि माझ्या हातात दिला.

"मी तर पाणी लागून उतरलोय. गाडा आता बरा हाय म्हणतोस ना? मग तू बस."

मी बसलो. चाळीस किलोमीटर मी दांडीवरच्या त्या उघड्या जागेवरून नजर हलवली नाही. पारगावच्या उताराला आबा दाजींच्या शेजारी ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसून मागं वळून माझ्याकडं बघत होते, आणि मला आयुष्यात केलेली सगळी बढाई एकेक करून आठवत होती. बरीच होती. उतार संपला तरी ती संपली नव्हती.

भीमेला नाव लागली. लेकीच्या गावची माणसं जमली होती. आबा पाण्यात उतरून आले, माझ्या हातातला तांब्या घेतला आणि ओतायला तिरपा केला. जेमतेम घोटभर पाणी निघालं. बाकीचं सगळं माझ्या विजारीवर होतं.

मी म्हणालो की रस्त्याला खड्डे फार होते.

आबांनी तांब्या झटकला. "खड्डं कुठलं?" म्हणाले. "नवी डांबरी हाय की सगळी."