घटनेत नसलेला हक्क

वकील उभा राहिला की पुस्तक उघडतो. आमचे भास्करराव उभे राहिले की हातातली राज्यघटना मिटून बाकावर ठेवत. बुलढाण्याच्या कोर्टात त्यावर हशा पिकायचा. महाराष्ट्र नवा होता, मीही त्यांचा नवाच ज्युनिअर होतो, आणि मला ते खूळ वाटे. "लिहिलेलं कोणीबी वाचते," ते म्हणत. "न लिहिलेलं मागाले वकील लागते."

उंद्रीच्या गोदाबाईवर तिच्या सोनाळ्याच्या नवऱ्याने दावा लावला होता: बायकोने नांदायला यावं. ती भावाच्या घरी राहून, बापाने तिच्या नावावर केलेला वांगी-मिरचीचा मळा कसत होती. नवरा मारतो म्हटलं असतं तर काम सोपं होतं. बाररूममध्ये सगळ्यांनी तिला तेच सुचवलं.

"खोटं काऊन बोलू?" ती म्हणाली. "त्यानं कधी हात नाई लावला. मले त्याच्यासंग राहाचं नाई, एवढंच."

"झालं," भास्कररावांनी सुस्कारा सोडला. "आता हेच सांगा लागते."

आणि त्यांनी तेच सांगितलं. घटनेने माणसाला जगायचं स्वातंत्र्य दिलं, तर कोणाबरोबर जगायचं हेही त्यातच आलं.

न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "कलम कोणतं?"

"कलम नाही, साहेब. आपल्या घरी सुखानं भाकर खायलाही कलम नाही."

आम्ही हरलो. तरी गोदाबाई नांदायला गेली नाही. तिला उचलून नेता येत नव्हतं, पण हुकूम मोडला म्हणून मळ्यावर जप्ती आली आणि शेवटी लिलाव पुकारला गेला.

अशिलाच्या लिलावाला कोणता वकील जातो? भास्करराव गेले. दम्याने बेजार, तरी मला घेऊन एस.टी.ने उंद्रीला गेले. मळा गेला. गोदाबाई बांधावर उभी होती.

"आता तं कोणी नेणार नाई ना मले?" तिने विचारलं.

"नाई, बाई."

"मंग जितलो आपण. उद्यापासून दुसऱ्याच्या वावरात जाईन निंदाले." आणि आम्हाला चहाला घरी घेऊन गेली.

 परतीच्या वाटेवर मला भास्कररावांची फार कीव आली. बुलढाण्याला उतरताना म्हणाले, "हक्क तिनं राखला बे, अन् त्याचं मोलही तिनंच देल्लं. मंग मी काय केलं?"

भास्करराव जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. कोर्टात उभा राहिलो की आता मीही राज्यघटना मिटून बाकावर ठेवतो.