कापडाच्या मागून पाहिलेला थोर सिनेमा

गुन्हेगारीवरच्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांत हा सगळ्यांत थोर, असं ज्याच्याबद्दल जाणकार मंडळी आजही सांगतात, तो इंग्रजी सिनेमा मी पन्नासच्या दशकात देहूरोडला दोनदा पाहिला. पहिल्यांदा मागून, दुसऱ्यांदा पुढून. मागून तो थोर होता. पुढून मला तसा वाटला नाही. कुणी अंगावर धावून येण्याआधी सगळं नीट सांगतो.

मी जन्माचा डावखुरा. आमच्या मावळातल्या गावात डाव्या हातानं घास घेणं म्हणजे घरात अवदसा बोलावणं. मी सहा वर्षांचा असताना वडिलांनी, म्हणजे आबांनी, माझा डावा हात उपरण्यानं कमरेला बांधला. वर्षभर जेवताना आणि लिहिताना तो तसाच बांधलेला असायचा. उजव्या हाताला वळण लागलं, पण अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. आबांसमोर डाव्या हातानं तांब्या उचलायचीसुद्धा माझी टाप नव्हती.

पुढे देहूरोडच्या लष्करी डेपोत रोजंदारीवर लागलो. काम लाकडी पेट्यांवर रंगानं आकडे आणि इंग्रजी अक्षरं काढायचं. वाचता येत नव्हती, चित्रं काढावीत तशी काढायचो. मुकादमाची पाठ वळली की ब्रश डाव्या हातात, त्याचे बूट वाजले की उजव्या. एकाच पेटीवर निम्मी अक्षरं देखणी आणि निम्मी आजारी दिसायची.

रविवारी संध्याकाळी मैदानात दोन खांबांना पांढरं कापड ताणून जवानांना सिनेमा दाखवत. पुढच्या खुर्च्या त्यांच्या. आम्ही रोजंदारीवाले आणि आसपासचे गाववाले कापडाच्या मागे पोती टाकून बसायचो. कापड पातळ, चित्र आरपार दिसायचं. फुकटच्या सिनेमाला नावं कोण ठेवणार?

तिथंच तो थोर सिनेमा आला. घड्याळं दुरुस्त करणारा एक गरीब माणूस श्रीमंत बाईच्या नादी लागून तिजोरी फोडतो आणि पुरता फसतो. पण माझं लक्ष त्याच्या हातावर. तो डाव्या हातानं चिमटा धरी, डाव्या हातानं काडी ओढी, डाव्या हातानं सही करी, आणि अख्ख्या सिनेमात त्याला कुणी हटकलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, उगाच लपवत नाही. बाकीचेही सगळे डावखुरेच कसे, हे तुझ्या लक्षात आलं नाही का, असं तुम्ही विचाराल. अहो, मी दुसऱ्या कुणाकडे बघतच नव्हतो! सुरुवातीची इंग्रजी नावं पोती टाकायच्या गडबडीतच निघून जायची. आणि आधी पाहिलेल्या घोडेस्वारांच्या सिनेमांत हात कोण बघतो?

पुढच्याच महिन्यात कायम नोकरीसाठी परीक्षा झाली. साहेबासमोर एक पेटी रंगवायची होती. मी ब्रश सरळ डाव्या हातात घेतला. मुकादम दात-ओठ खात उभा. साहेबानं हाताकडे पाहिलंच नाही, अक्षरांकडे पाहिलं आणि मान हलवली. मी कायम झालो.

ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. पोरानं साहेबापुढं डावा हात काढला, म्हणून आबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. दोन महिने एका ओळीत जेवलो, पण शब्द नाही. नोकरीचा आनंद मला गोड लागेना. तेवढ्यात तोच सिनेमा लोकांच्या आग्रहावरून परत आला. मी आईकरवी आबांना निरोप दिला, गोऱ्या साहेबाच्या मुलखात डावखुरा माणूस नायक असतो, एकदा डोळ्यांनी बघा. आईनं लावून धरलं म्हणून ते आले. कायम झाल्यामुळे आता आम्हांला पुढच्या बाजूला खुर्च्या मिळाल्या.

सिनेमा सुरू झाला. त्यानं चिमटा उचलला, उजव्या हातानं. काडी ओढली, उजव्या हातानं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि हाताचं खूळ डोक्यातून गेल्यावर उरलं काय? एक भोळा गडी, एक लबाड बाई, आणि भट्टी लागल्यासारखा सिगारेटींचा धूर. याला थोर म्हणायचं?

"कुटं हाय रं तुजा डावरा?" दोन महिन्यांतलं आबांचं हे पहिलं वाक्य.

आता लपवून काय करणार? "आबा, मी मागनं बघितला हुता. कापडाच्या मागनं समदं उलटं दिसतं. त्यो डावरा न्हाई."

"म्हंजी असा कुणी डावरा न्हवताच?"

"न्हाई."

"आन् तू त्याच्या जिवावर साहेबापुढं हात काढलास?"

मी मान खाली घातली. आता उठून जातील, असं वाटलं. ते उठले नाहीत.

"मग त्यात शिनेमाचं काय न्हाई," आबा म्हणाले. "त्ये तुजं तू केलंस."

त्यांनी माझा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. पंजावर रंग वाळलेला होता. अंगठ्यानं तो खरवडत बसले.

"वरीसभर बांधला रं ह्यो," ते म्हणाले. "लई रडायचास तू."

पडद्यावर गोळीबार चालला होता. आम्ही दोघंही तिकडे बघत नव्हतो.