मंगलताईंची चारित्र्य पडताळणी

"मॅडम, म्हणजे माझं चारित्र्य वाईट निघालं का?"

मंगलताईंनी हे इतक्या हळू विचारलं, की मला त्यांना पुन्हा बोलायला सांगावं लागलं. दुसऱ्यांदा विचारताना त्यांचे डोळे भरून आले.

मी पोलीस हवालदार. आमच्या ठाण्यात चारित्र्य पडताळणीचं काम माझ्याकडे असतं. नोकरीसाठी कुणी ऑनलाईन अर्ज केला, की तो माझ्या कॉम्प्युटरवर येतो. मी रेकॉर्ड तपासते, अर्जदाराला बोलावते, गरज वाटली तर गावात चौकशी करते आणि रिपोर्ट नगरला एसपी ऑफिसला पाठवते. सर्टिफिकेट तिथून निघतं.

मंगलताई देवळाली प्रवराजवळच्या एका वस्तीवर राहायच्या. नवरा आजारपणात गेलेला. मुलगी नगरला कॉलेजात. तिथल्याच एका मुलींच्या वसतिगृहात त्यांना मदतनीस म्हणून घेणार होते. राहायला खोली मिळणार होती, मायलेकी एकत्र राहणार होत्या. फक्त सर्टिफिकेट हवं होतं. आणि रेकॉर्डमध्ये त्यांच्या नावावर मारहाण-शिवीगाळीची जुनी केस दिसत होती. निकालाचा रकाना कोरा.

"ताई, 'चारित्र्य' हा नुसता सरकारी शब्द आहे," मी म्हणाले. "तुमच्यावर गुन्हा आहे का, एवढंच आम्ही बघतो. बाकी काही नाही."

त्यांनी पदराने डोळे पुसले. "ती केस मिटली होती. ह्यांनीच सगळं बघितलं. मला कोर्टाचं काही कळत नाही."

मिटली असेल, तर कोर्टाच्या निकालाची नक्कल, म्हणजे सही-शिक्क्याची प्रत लागणार होती. त्याशिवाय मी काही लिहू शकत नव्हते. फिर्यादी कोण, ते पाहिलं. नवऱ्याचे सख्खे चुलते. शेजारीच राहणारे. मनात म्हटलं, आता हे गृहस्थ आडवे येणार.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले. पांढरी टोपी, हातात काठी, मागे मंगलताई. धाप लागलेली. मी खुर्ची दिली, तरी बसेनात.

"म्याडम, ती तक्रार म्या मागं घेतली व्हती. आता पुन्यांदा घ्यायची आसंल तर सांगा, कुठं आंगठा लावू?"

"तात्या, बसा आधी. भांडण कशावरून होतं?"

"उसाची ट्रॉली. ह्यांची ट्रॉली माज्या रानातनं न्यायची न्हाई म्हनलो. पुतन्या आन् मी भिडलो."

"आणि या?"

तात्यांनी मान खाली घातली. "ही माहेरी व्हती. रागात म्या घरातल्या समद्यांची नावं घातली."

मी मंगलताईंकडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "जाऊ द्या ना मॅडम. हे गेल्यापासून माझ्या उसाला पाणी तात्याच देतात. मी दोन भाकरी जास्त टाकते, एवढंच."

"मग या नगरला गेल्यावर तुमचं कसं, तात्या?" मी विचारलं.

"कसं म्हंजे? जेवताना बोलायला कोन न्हाई ऱ्हायचं." ते थांबले. "पन म्हनून पोरीला आडवायचं व्हय? लेकीजवळ जाऊ द्या तिला."

लोकअदालतीत तडजोड झाल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं. मी केस नंबर लिहून दिला आणि नकलेचा अर्ज कुठे करायचा ते सांगितलं. जी दोन घरं एकमेकांच्या विरोधात कोर्टात उभी राहिली, त्यातले वस्तीवर उरलेले हे दोघे एकाच रिक्षाने कोर्टात गेले. नक्कल हाती यायला बरेच दिवस लागले. वसतिगृहातून फोन येत होते. मंगलताईंनी मागून घेतलेली मुदत संपत आली होती.

नक्कल आली. तडजोडीने केस निकाली, सगळे आरोपी निर्दोष. मी रिपोर्टला ती जोडली, 'हरकत नाही' असा शेरा लिहिला आणि रिपोर्ट साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी विचारलं, "फिर्यादीचं काय म्हणणं?"

"सर, त्यांनीच धावपळ करून नक्कल आणलीय."

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

सर्टिफिकेट निघालं, तेव्हा दोघं मुद्दाम ठाण्यात आले. तात्यांना वाचता येत नव्हतं. मंगलताईंनी व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांना सगळं वाचून दाखवलं, अगदी पत्त्यासकट. तात्या कान देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "काय डाग न्हाई म्हन की." आणि तोंड फिरवून त्यांनी टोपीने डोळे पुसले. मंगलताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी उगाचच आत जाऊन फाईल उघडली.

मंगलताई वेळेत हजर झाल्या. सुट्टीला मायलेकी वस्तीवर येतात, असं ऐकते.

भांडण मिटलं, तर निकालाची नक्कल काढून घरात जपून ठेवावी, एवढं मी सगळ्यांना सांगते. आणि आता कुणी माझ्यासमोर तक्रार द्यायला बसलं आणि रागाच्या भरात समोरच्या घरातल्या बायकांची नावं सांगू लागलं, की मी पेन खाली ठेवते आणि विचारते, "त्या तिथं होत्या का?"