आमची डाय, त्यांच्या पडद्यावर

"तुम्ही लोकल वेंडर लोक नक्कल बरी करता. डोकं लावायचं काम आमच्यावर सोडा."

वाळूजच्या एका परदेशी कंपनीत, थंडगार हॉलमधी साहेब बोलला. साहेब परदेशी नव्हता. आपलाच, मराठी. बाकीचे हसले. मी अन् रऊफचाचा मागच्या रांगेत बसलेलो. मागं पडद्यावर कंपनीच्या 'नव्या शोधा'चा फोटो होता.

ती डाय, पाइप वाकवायचा साचा, माझी होती.

पातळ पाइप वाकवताना आतून सुरकुती पडती. ती पडू नये म्हणून मी ती डाय बनवली, रऊफचाचांच्या वर्कशॉपात. तिथंच मी कामाला. अख्खा उन्हाळा खपले. बिघडलेल्या पाइपांचा ढीग बघून पोरं म्हणायची, "ताई, भंगारचं दुकान टाका आता." शेवटी जमली. हीच कंपनी आमचे पाइप घ्यायला लागली.

मग खंडेनवमी आली. मशिनींची पूजा, दार सगळ्यांना उघडं. कंपनीचे इंजिनिअर पेढे खायला आले. एकानं मोबाईल काढला. मी आडवी आले. चाचा म्हणाले, "बेटा, मेहमान हैं. सण के दिन कायकू छुपाना? खोल के दिखा."

मी खोलून दाखवली. वरचं हळदकुंकू पुसून दाखवली. काय हा येडेपणा!

अन् आता पडद्यावर माझ्या हातून चुकून पडलेली खाचसुद्धा तशीच.

"पुढच्या महिन्यापासून पाइप आम्हीच बनवू," साहेब म्हणाला. म्हंजे वर्कशॉप संपलं, आमचं सगळं काम याच कंपनीचं. मग माझ्याकडं वळला. "तू ये आमच्याकडे. ऑपरेटर म्हणून घेऊ."

माझ्याच डायवर मी ऑपरेटर! तळपायाची आग मस्तकात गेली. चाचा मान खाली घालून पुटपुटले, "हां बोल दे बेटा. मेरा तो खतम है." मला रडूच आलं. घरी आईबाप माझ्याच पगारावर.

उठले. "साहेब, ही डाय माझी हाय. ती खाच माझी चूक हाय. तुम्ही चूकसुद्धा चोरली."

"पुरावा आहे?"

नव्हता. पेटंट म्हंजे मोठ्या लोकांचं काम, असं आम्ही समजून बसलेलो.

"नाय."

"मग बस खाली."

बसले नाय. "तुमची नोकरी नको," म्हणलं अन् बाहेर पडले.

आता वर्कशॉपचं शटर निम्मं खालीच असतं. पोरं पांगली. मला भीती वाटती. लई वाटती. पण दुसरी डाय काढायला घेतलीय. ती कुणाच्या नजरेला पडायच्या आधी तिचा पेटंटचा अर्ज जाईल, माझ्या नावानं. माझ्या डोक्यातलं यापुढं फुकट मिळणार नाय. मागायला देव आला तरी नाय.