लाकडी घोडीची जागा

एका शनिवारी भाऊ वारला. मी तेव्हा मेहकरच्या वाचनालयात पुस्तकं लावत होतो.

तो गायन पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा आणि गायचाही. गिटार जुनी, आतून पोकळ. तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज, भाऊ त्याला घोडी म्हणायचा, लाकडाचा होता. पहिल्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या वर्षाच्या स्मरणदिनी, पार्टी येणार म्हणून मी गिटार पुसायला घेतली. सगळ्या तारा एकदम सोडल्या आणि घोडी अलगद माझ्या हातात आली. ती चिकटवलेली नव्हती, नुसत्या तारांच्या दाबानं उभी होती. तिच्याभोवतीच्या धुळीनं जागा दाखवली असती, पण ती धूळही मी पुसली होती.

भावाचा मित्र, पार्टीतला कीबोर्डवाला, पाहायला आला; त्या दिवशी गिटार तोच वाजवणार होता.

"साऱ्या तारा एकदम काऊन काढल्या बे? एक काढाची, एक लावाची. इतके पुस्तकं वाचते, हे कुठीच लिहेल नव्हतं?"

त्यानं धातूचा ब्रिज आणला होता. "याले स्क्रू मारू. जलमात हालत नाही. लाकूड घसरते, अन् केसभर घसरलं तरी सूर चुकते."

भोकं पाडण्याआधी नुसता ठेवून बघू, असं मी म्हटलं. त्यानं तारा ओढून एक छेडली. सूर पाण्यावरच्या उन्हासारखा खोलीभर हलत राहिला, विझेचना. मला तो फार आवडला, आणि आवडल्याचं वाईट वाटलं.

वहिनी स्वयंपाकघरातून आली. तिचे हात पिठाचे होते.

"साजरं वाजते," ती म्हणाली, "पण घरात पाहुणा आल्यावानी वाटते."

मी स्क्रू परत केले. मित्र हसला, "वाजवाचं मले हाय, अन् पसंती तुमची!" तरी त्यानंच पुन्हा लाकडी घोडी बसवली. दुपारभर तो ती केसभर पुढं, केसभर मागं सरकवत राहिला. खिडकीतून कापसाच्या गाड्यांचा आवाज यायचा, पुसट व्हायचा. सूर उमटायचा, लगेच मऊ होऊन लाकडात मुरायचा. मला सगळे सूर सारखेच वाटत होते. वहिनी डोळे मिटून दाराला टेकली होती.

"मांगं घ्या, भाऊजी," ती मित्राला म्हणाली. "अजून थोडं." मग ती एकदम म्हणाली, "बस. आता ते खोकलतील अन् गाणं सुरू करतील."

मित्राचा हात तारांवरच थांबला.

घोडी तिथंच आहे. दर रविवारी मी एकेक तार सुरात लावतो. मला गिटार वाजवता येत नाही.