तात्यांवर लिहिलेली दोन पानं

माझे चुलत आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत युद्धकैदी होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. मी इंदापूरला शाळेत शिक्षक म्हणून नवीन लागलो तेव्हा माजी सैनिकांचा सत्कार ठरला आणि तात्यांवर दोन पानं लिहायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी वही घेऊन त्यांच्या गावी, अंथुर्ण्याला गेलो. तात्या गोठ्यापाशी बाजेवर बसले होते. घरातल्यांना कामाला पिटाळलं, मग बोलले.

कैदेतून पळालेल्या तात्यांना तिकडच्या एका शेतकरी घरानं दडवलं होतं. गोठ्यावरच्या माळ्यात, वाळल्या गवतात, दीड-दोन महिने. एका सकाळी जर्मन आले. म्हातारा, म्हातारी आणि सून, तिघांना अंगणात उभं केलं. पळालेला कैदी कुठं आहे, विचारलं. तिघांपैकी एकानंही माळ्याकडं पाहिलं नाही.

"मी फटीतनं बघत व्हतो," तात्या म्हणाले. "उतरलो असतो तर ती वाचली असती का, ठावं न्हाय. पर मी उतरलो न्हाय. तिघास्नी गोळ्या घातल्या. सून दोन जिवाची व्हती. हे लिव. हेच लिव, बाकी ऱ्हाऊ दे."

मी मान डोलावली. घरी येऊन लिहिलं की, तात्यांनी जर्मनांशी झुंज देऊन एका कुटुंबाचे प्राण वाचवले. सत्काराच्या दिवशी असलं कसं वाचायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे नवी नोकरी होती आणि मला टाळ्या हव्या होत्या. मिळाल्या. तात्या शाल अंगावर घेऊन माझ्याकडं बघत होते.

परतताना एसटीत एवढंच म्हणाले, "गुरुजी, म्हातारी कुठं ठिवली मगाशी?"

पुढं पारावर कोणी लढाईची गोष्ट विचारली की म्हणायचे, "आमच्या मास्तराला इचारा. तितं त्योच व्हता, मी कुठला!" लोक हसायचे. मीही हसायचो. तात्या गेले तेव्हा शोकसभेत कोणीतरी माझंच लिहिलेलं सांगितलं. मी खाली मान घालून ऐकलं.

यंदा गावात त्यांच्या नावाची पाटी लावायचं ठरलं. त्यांचा नातू ती जुनी दोन पानं घेऊन माझ्याकडं आला. "दादा, ह्यातलंच घ्यायचंय. एकदा नजर टाका."

मी त्याला सगळं सांगितलं.

"म्हंजे आमचा म्हातारा लपून बसलेला, असं लिवू व्हय पाटीवर?"

"त्या तिघांनी तात्यांना वाचवलं, असं लिही. तसंच झालं होतं."

त्यानं ती पानं पालथी घातली. मग खिशातलं पेन काढून म्हणाला, "सांगा. तिघांची नावं काय?"

तात्यांनी ती मला सांगितली होती. एकेक नाव दोनदा, हळूहळू, मला उतरून घेता यावं म्हणून. तेव्हा मी वही मिटली होती.